लेकीच्या हाती प्रयोगवही द्या



दहावीचा निकाल लागला की घरोघरी दोन प्रश्न निघतात. मुलाला कुठे घालायचे, हा पहिला. मुलीचे काय करायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला नागपूर, अमरावती, अकोला अशी उत्तरे येतात. दुसऱ्या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर असते : जवळ जे असेल ते शिकू द्या, पुढचे पुढे पाहू. भिवापुराहून नागपूर साधारण पाऊणशे किलोमीटर. एवढे अंतर मुलासाठी जवळ वाटते आणि मुलीसाठी मात्र फार लांब.

विज्ञानात मार्क चांगले असलेली मुलगीही अशी मागे राहते. तिच्यात बुद्धी कमी असते म्हणून नव्हे. संशोधन हे काम तिला कोणी हाताशी धरून शिकवलेले नसते, म्हणून. सुतारकाम पुस्तक वाचून येत नाही, मिस्त्रीच्या हाताखाली राहावे लागते. संशोधनाचेही तसेच आहे. प्रश्न कसा विचारावा, मोजमाप कसे घ्यावे, चुकले तर पुन्हा कसे करावे, हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच अंगवळणी पडते. ज्या मुलीला असा मार्गदर्शक मिळाला आणि घरच्यांनी वाट अडवली नाही, ती कुठवर गेली, याची उदाहरणे आपल्याच मराठी मुलखात आहेत.

एका वर्षाची अट

१९३३ साली कमला भागवत ही मुलगी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आली. पुढे संशोधनासाठी तिने बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. तिचे वडील आणि काका तेथेच शिकलेले. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३० चे नोबेल पारितोषिक विजेते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

मुलगी घरी बसली नाही. ती बंगलोरला जाऊन रामन यांना भेटली आणि आपला हक्क मागितला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडले तरच प्रवेश कायम. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे. तिच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून तिने हे मान्य केले.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतील प्रथिनांवर काम केले. म्हणजे आपल्याच शेतातल्या आणि गोठ्यातल्या मालावर. वर्ष संपले तेव्हा काम पाहून रामन यांनी प्रवेश कायम केला आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. नंतर इंग्लंडमधील केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिले की पेशीच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा.

लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहाराशी या कामाचा संबंध होता. पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

यात आपल्यासाठी काय आहे ते पाहा. हुशारी तिची स्वतःची होती. पण घरच्यांनी तिला बंगलोरपर्यंत जाऊ दिले आणि तेथे शिकवणारा भेटला. हे दोन आधार नसते तर ते पहिल्या नंबराचे सर्टिफिकेट ट्रंकेत पडून राहिले असते.

सीताफळापासून कर्करोगापर्यंत

दुसरे उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचे. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, मुलीचा ओढा वनस्पतींकडे. १९४३ साली त्यांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केली. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी आणि आनुवंशिकता.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. तेथे डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली पीएच.डी. झाल्या. सीताफळाच्या पेशी पाहून तयार झालेली नजर पुढे कर्करोगाच्या संशोधनात कामी आली. १९७३ साली त्यांनी इतर शास्त्रज्ञ भगिनींबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचे कामही त्यांनी केले. ज्यांना कोणी शिकवले, त्यांनी पुढच्यांसाठी वाट करून दिली.

आपल्याकडेच असे घडते असे नाही. अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिंटॉक हिच्या आईला वाटे, कॉलेजात गेली तर हिचे लग्न जमणार नाही. वडिलांनी मुलीची बाजू घेतली आणि १९१९ साली ती शेतकी कॉलेजात गेली. तिथल्या एका प्राध्यापकाने तिची आवड ओळखून, ती पदवीला असतानाच, तिला वरच्या वर्गाच्या आनुवंशशास्त्राच्या तासाला बोलावले. पुढे जन्मभर तिने मक्याच्या कणसांचा अभ्यास केला. त्या कामाला १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मिरचीच्या वाळवणावरचा धडा

आता आपल्या गावाकडे वळू. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या मिरचीची तोडणी, वाळवण, सातऱ्यावर देठ खुडणे, ही सारी कामे बायाबापड्यांच्या हातची. मिरचीची जितकी जाण त्यांच्या बोटांना आहे तितकी पुष्कळ पुस्तकांत नाही. उणीव आहे ती मोजून लिहून ठेवण्याची. नेमके तेच काम नववी-दहावीतली मुलगी करू शकते.

प्रश्न असा घ्यावा : मिरची कशावर वाळवली तर रंग टिकतो आणि फटकी कमी निघते?

एकाच वावरातली, एकाच दिवशी तोडलेली नऊ किलो लाल मिरची घ्या. एकेक किलोचे नऊ वाटे करा. तीन वाटे सारवलेल्या जमिनीवर, तीन ताडपत्रीवर, तीन जमिनीपासून उंच बाजेवर जाळी टाकून पसरा. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी प्रत्येक वाट्याचे वजन करा. किराणा दुकानातला काटा चालतो. दोन दिवस वजन सारखे राहिले की वाळवण पुरे झाले. ओल्या शंभर किलोमागे पंचवीस-तीस किलो वाळलेली मिरची निघते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. आपला हिशेब किती येतो ते पाहा. शेवटी प्रत्येक वाट्यातल्या फटक्या आणि बुरशी लागलेल्या मिरच्या वेगळ्या मोजा. बुरशी म्हणजे नुसता भाव कमी, असे समजू नका. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि त्यापायी परदेशी जाणारा माल परत येतो.

तीनच वाटे का नाहीत, नऊ कशाला, असे मुलगी विचारील. विचारलेच पाहिजे. एका वाट्याला सावली जास्त मिळाली असेल, एकात ओली मिरची जास्त गेली असेल. तीनदा तेच दिसले तर त्यावर भरवसा ठेवता येतो. एवढे एक तत्त्व कळले तरी तिला संशोधनाचा अर्धा पाया कळला.

येथे मार्गदर्शकाचे काम काय? उत्तर सांगणे नव्हे. आठवड्यातून एकदा वही तपासणे आणि विचारणे : काल पाऊस आला होता, तो का लिहिला नाहीस? हे वजन एकदम कमी कसे झाले? आकडा मनासारखा आला नाही तरी खोडायचा नाही, हे शिकवणे सर्वांत मोठे. जुन्या समजुतीविरुद्ध निकाल आला तर तोच खरा शोध असू शकतो.

मार्गदर्शक कोठे शोधावा

पहिला मार्गदर्शक म्हणजे शाळेतले विज्ञानाचे गुरुजी किंवा बाई. दुसरा आपल्या गावचा सहायक कृषी अधिकारी. तिसऱ्या, गावात कार्यानुभवासाठी येऊन राहणाऱ्या कृषिकन्या. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाच्या या मुली पुष्कळदा शेतकऱ्यांच्याच लेकी असतात. त्यांना चहा पाजा आणि आपल्या मुलीला त्यांच्याजवळ बसवा. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालापासूनचे आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली चालते. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. शाळेने पत्र लिहून भेट ठरवली तर मुलींना प्रयोगशाळा आतून पाहता येते.

मुलीला परक्या माणसाकडे शिकायला पाठवताना मायबापांना काळजी वाटते, ती रास्तच आहे. त्यावर उपाय मुलीला घरी ठेवणे हा नव्हे. दोन-तीन मुलींना मिळून एक प्रयोग द्या. काम दिवसाउजेडी, शाळेत किंवा आपल्या वावरात होऊ द्या. मार्गदर्शकाला आईने आणि वडिलांनी, दोघांनी भेटावे.

पैशाची बाजू

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेतल्या मुलामुलींच्या नव्या कल्पना मागवतात. निवड झाली तर नमुना तयार करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून मुख्याध्यापकांना विचारा.

त्याच विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. वर्षाला ऐंशी हजार रुपये. त्यांतले वीस हजार उन्हाळ्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करण्यासाठीच असतात.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी ती आहे. योजनांच्या अटी बदलत असतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षाचे नियम पाहून घ्या आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. कागद वेळेवर नसल्याने हक्काचे पैसे बुडतात.

घरच्या वडीलधाऱ्यांना

पैशापेक्षाही मुलीला हवा असतो वेळ. पाणी, भांडी, धाकटी भावंडे, गोठा, हे उरकून तिच्या वाट्याला रात्री पेंगणारे डोळे येतात. रोज एक तास तिचा म्हणून बाजूला काढा. त्या तासात तिला हाक मारायची नाही. भावाने तेवढ्यापुरते पाणी भरले तर त्याच्या हाताला फोड येत नाहीत.

लग्नाचे काय, असे आजीबाई विचारतील. कमलाबाईंचे लग्न झाले, रणदिवेबाईंचेही झाले. शिक्षणाने लग्न मोडत नाही. घाईच्या लग्नाने मात्र शिक्षण मोडते आणि ते पुन्हा जोडणे कठीण असते.

प्रत्येक मुलगी शास्त्रज्ञ होणार नाही. पण जी मुलगी मोजायला, नोंदायला आणि 'कशावरून?' असे विचारायला शिकली, तिला दुकानदार नको ते औषध गळ्यात मारू शकणार नाही. ती ज्या घरात जाईल त्या घरची शेती हिशेबाची होईल.

तेव्हा पुढच्या बाजारी शंभर पानी वही आणि एक फूटपट्टी आणा. पहिल्या पानावर मुलीला तिच्या हाताने एक प्रश्न लिहू द्या. मिरचीचा, तुरीचा, गाईच्या दुधाचा, विहिरीच्या पाण्याचा, कोणताही. मग ती वही घेऊन तिच्याबरोबर शाळेत जा आणि गुरुजींना सांगा : हिला हे शिकवा, आम्ही घरून अडवणार नाही.