कचेरीतील काळा पाषाण

पेढी असो वा वकिलाची कचेरी, दर्शनी दालनात काळाभोर दगड बसविला की वास्तूला भारदस्तपणा येतो, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आणि ती निराधारही नाही. परंतु काळा रंग हा दगडाचा केवळ वेष होय. टेबल न आवडल्यास बदलता येते. सिमेंटात बसविलेली फरशी उखडणे मात्र खर्चाचे आणि कटकटीचे काम. म्हणून रंगाआधी दगडाची जात ओळखावी, हे इष्ट.

आपल्याकडील बाजारात काळ्या दगडाच्या तीन जाती विशेष आढळतात. पहिला दख्खनचा काळा फत्तर, म्हणजेच बेसॉल्ट. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच पाषाणात कोरले गेले. लाव्हारस थिजून झालेला हा दगड टणक खरा. पण वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे त्यात पुष्कळदा राहतात व त्यांत मळ साचतो. दुसरा कडाप्पा. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यावरून त्यास हे नाव पडले. स्वयंपाकघरातील ओट्यामुळे तो घरोघर परिचित आहे. हा चुनखडीच्या कुळातला असल्याने लिंबाचा रस सांडताच त्याची झिलई उडते. तिसरा ‘काळा ग्रॅनाइट’. भूशास्त्राच्या दृष्टीने हा बहुधा ग्रॅनाइट नव्हेच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. नाव चुकले तरी गुण चुकत नाहीत: हा दगड घट्ट, कठीण आणि आम्लास पुष्कळ अंशी दाद न देणारा आहे.

परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून काही मिनिटांनी पुसावे. निस्तेज डाग उरला तर दगडात चुना आहे असे समजावे. पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन घासावे. कापड काळे झाले तर दगडास रंग फासलेला आहे.

यानंतर प्रश्न येतो जागेचा. आरशासारखी झिलई भिंतीवर वा स्वागताच्या मेजाच्या दर्शनी बाजूस शोभते. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला घेऊन माणसे जेथून आत येतात, त्या उंबरठ्यापाशी तीच झिलई पाय घसरविते. तेथे खरबरीत घडणीचाच दगड हवा. झिलईदार काळ्या जमिनीवर धूळ आणि पाऊलखुणा अधिक उठून दिसतात, आणि पायाबरोबर आलेली वाळू तिच्यावर ओरखडे काढते. म्हणून दाराशी पायपुसणे अवश्य असावे. शिवाय काळा पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो. लिहिण्यावाचण्याच्या दालनात चारही भिंती काळ्या केल्यास दिव्यांची संख्या वाढवावी लागते.

सारांश, काळा पाषाण थोडा, पण योग्य ठिकाणी वापरावा. कचेरीचा भारदस्तपणा पाहुण्याच्या डोळ्यांत भरावा. त्यासाठी तेथे रोज राबणाऱ्यांच्या डोळ्यांना व पायांना त्रास होऊ नये.