नळातलं पाणी आणि बारवीचा काठ

पहाटे सहरीच्या आधी आमच्या उल्हासनगरच्या चाळीत नळाला पाणी येतं. पिंप आणि बादल्या भरता भरता मी एकीकडे गॅसवर चहा ठेवते. दरवर्षीचंच हे काम, पण 2020 चा रमजान वेगळा होता. अजान व्हायची, पण मशिदीकडे निघालेली पावलं ऐकू यायची नाहीत. तरावीहसुद्धा घरातल्या चटईवरच व्हायची. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि त्या गावात असू तर तिथून बाहेर पडू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहानपणी मदरशात ऐकली होती. ती पाळायची वेळ आमच्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत एका पहाटे बादली भरताना पाण्याच्या आवाजाने मन एकदम फेब्रुवारीतल्या एका रविवारी जाऊन पोहोचलं.

आम्ही चौघी मैत्रिणी. एकाच शिवणक्लासात ओळख झाली आणि टिकली. एक माझी सिंधी शेजारीण, एक अंबरनाथची, एक बदलापूरची. पंधरा वर्षांत लग्न, बारसं, मय्यत अशा निमित्तांनी भेटलो, पण केवळ भेटण्यासाठी कधी बाहेर पडलो नव्हतो. बदलापूरवालीने या वेळी हट्टच धरला, "या एकदा बारवीला."

घरात सांगितलं, तेव्हा अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, "धरणावर बायकांचं काय काम?" मी उत्तर दिलं नाही. रात्रीच शामी कबाब करून ठेवले आणि सकाळी निघाले. शेजारणीच्या डब्यात कोकी होती. लोकलच्या लेडीज डब्यात अंबरनाथवाली चढली आणि बदलापूर येईपर्यंत आमचं बोलणं थांबलं नाही. तिथून रिक्षाने बारवीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना पळस लालभडक फुलला होता.

काठापासून जरा लांब, झाडाखाली चादर अंथरली. पाण्यात उतरायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. दरवर्षी तिथे जीव जातात. समोर डोंगरापर्यंत पसरलेलं शांत पाणी आणि त्यावर उडणारे बगळे. कुणाला स्वयंपाकाची घाई नव्हती, कुणी हाक मारत नव्हतं. जोहरची वेळ झाली तेव्हा मी बाटलीतल्या पाण्याने वुजू केला आणि त्याच चादरीच्या एका कोपऱ्यावर नमाज पढले. सलाम फेरून पाहिलं, तर तिघी न बोलता पाण्याकडे बघत बसल्या होत्या. माझी नमाज होईपर्यंत त्यांनी डबे उघडले नव्हते.

बदलापूरवालीने तेव्हा सांगितलं की हेच पाणी आपल्या नळाला येतं. एमआयडीसीच्या या धरणातून सोडलेलं पाणी नदीने उल्हास नदीत येतं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि आपल्या शहरांना मिळतं. धरणाची उंची वाढवली आणि 2019 च्या पावसाळ्यात त्या वाढीव उंचीपर्यंत ते पहिल्यांदा भरलं. त्या पाण्यासाठी कित्येक कुटुंबांना गाव आणि घर सोडावं लागलं. त्या दिवसांत आपण घरात अडकलो म्हणून कुरकुर करत होतो, तेव्हा मला ती माणसं आठवायची.

महिनाभरातच 22 मार्च आला. मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली आणि तीन स्टेशनांवरच्या आम्ही मैत्रिणी फोनपुरत्या उरलो.

त्या पहाटे हे सगळं मी अम्मांना सांगितलं. त्या वुजू करत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "चाळीस वर्षं या पाण्याने वुजू करतेय. येतं कुठून, ते मी एकदाही बघितलं नाही." थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "सगळं सुरू झालं की मलाही ने."

मला काय बोलावं सुचेना. त्यांनी मला अडवलं होतं, ते मनात राग होता म्हणून नव्हे. त्यांना स्वतःलाच कधी कुणी नेलं नव्हतं. पुरुष दोन महिने घरात राहून कंटाळले. आपल्या घरांतल्या किती बायका वर्षानुवर्षं अशाच राहतात, हे त्या दिवसांत त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांची एक हदीस आहे. प्रेषित (स.) कधीकधी वस्तीबाहेर पाण्याच्या ओहोळांकडे जात असत, असं त्या सांगतात. पाण्याकाठी जाऊन मन ताजं करणं हा रिकामटेकडेपणा असता, तर त्यांनी ते केलं असतं का? आणि इब्ने माजामधली दुसरी हदीस सांगते, की वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजूत पाणी वाया घालवू नका. पाणी डोळे भरून बघावं आणि वापरताना जपून वापरावं, असं मी या दोन्हींतून शिकले. हात धुताना, ते चोळत असताना नळ बंद ठेवणं एवढं तर आपण करूच शकतो.

दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर मैत्रिणींना फोन केला. पुढच्या वेळी आम्ही चौघी नाही, पाच जणी जाणार आहोत, इन्शाअल्लाह. शेजारीण म्हणाली, "अम्मांसाठी कोकी जरा मऊ करते, त्यांना चावायला त्रास होतो."

अम्मांनी तेव्हाच विचारून ठेवलं, रिक्षातून उतरल्यावर फार चालावं लागतं का.