एका संगणकात दोन बिऱ्हाडं

बचत गटाची वही म्हणजे गटातल्या बायांचा जीव की प्राण. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती उरलं, व्याज किती झालं, सगळं त्यात. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, लोणार, मोताळा, कुठेही जा, महिलांचे गट आहेतच. 'माविम'ची स्थापना १९७५ सालची, तर 'उमेद' अभियान राज्यात २०११ मध्ये सुरू झालं. गट वाढले तसे हिशेब वाढले आणि वहीच्या जोडीला संगणक आला. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने कितीतरी लेकी-सुनांची माऊसशी ओळख करून दिली. त्यांच्यातल्याच काही जणी आज गटांचे हिशेब सांभाळतात.

पण मैत्रिणींनो, वहीत गडबड झाली तर खाडाखोड तरी दिसते. संगणकात झाली तर काहीच दिसत नाही, आणि मग बोट दाखवलं जातं ते त्याच्यासमोर बसणाऱ्या बाईकडे.

मी कामानिमित्त जाते अशा एका छोट्या कार्यालयात हे घडलं. तिथला संगणक फार हळू चालायचा. दुरुस्तीवाल्याने नवी एसएसडी डिस्क बसवली, जुन्या हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली आणि जुनी डिस्क "असू द्या बॅकअप म्हणून" असं सांगत आतच जोडलेली ठेवली. महिनाभर संगणक वाऱ्यासारखा पळाला. मग पावसाळ्यात लाइटची ये-जा सुरू झाली. एके सकाळी हिशेब लिहिणारी पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, महिन्याभराच्या साऱ्या पावत्या गायब झाल्या वो! मी तर रोज भरत होती."

दोन दिवसांनी ओळखीच्या एका मुलाने सेटिंग करून दिली, तर त्या नोंदी परत दिसल्या. पण मधल्या दोन दिवसांच्या गेल्या! चार दिवसांनी पुन्हा लाइट गेली, पुन्हा तेच. बैठकीत कुजबुज सुरू झाली, "पैसे तर आम्ही भरले, मंग गेले कुठी?" नाव कुणी घेतलं नाही, पण नजरा बोलत होत्या. पोटाला चिमटा घेऊन महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या बाईला शंका येणारच. पण ती पोरगी काम सोडायला निघाली होती, त्याचं काय?

खरं कारण कॅबिनेटच्या आत होतं. साधा बॅकअप म्हणजे फायलींची प्रत. बूटेबल बॅकअप म्हणजे विंडोजसकट अख्खा संसार. त्या डिस्कवरून संगणक थेट सुरू होऊ शकतो. मूळ डिस्क बंद पडली तर ही मोठी सोय. मात्र दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या, की एका संगणकात दोन बिऱ्हाडं नांदतात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, तो क्रम संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, ठरलेला असतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख-वेळ पुसली जाते, आणि कधी कधी हा क्रमही. मग संगणक गुपचूप जुन्या डिस्कवरून सुरू होतो. पडदा तोच, चित्रं तीच, हिशेबाचं सॉफ्टवेअर तेच. नोंदी मात्र दुसऱ्याच घरात जातात.

बरं, नक्कल इतकी हुबेहूब असते की डिस्कची ओळखखूणही तीच उतरते. अशा वेळी विंडोज दोघींपैकी एकीला बाजूला ठेवतं. ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पाहिलं तर 'ऑफलाइन' अशी सापडते. कधी दोन्ही दिसतात, तेव्हा शोधताना फाइल भलत्याच डिस्कवरची उघडते. अँटिव्हायरस एका ठिकाणी ताजा आणि दुसऱ्या ठिकाणी मुदत संपलेला, एखादं सॉफ्टवेअर पुन्हा परवाना मागतं. असे घोळ सुरू झाले की सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला मिळतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

मग ओळखायचं कसं? सोपं आहे. सी ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. आमच्याकडे जुनी डिस्क ५०० जीबीची होती आणि नवी २५६ जीबीची. आकडा बघताच आपण कुठल्या घरात आहोत ते कळलं. शिवाय तारीख भलतीच दिसणं, सुरू व्हायला एकदम फार वेळ लागणं, याही खुणा.

घोळ लक्षात आला की सर्वांत आधी नोंदी करणं थांबवा आणि तोवर वहीत लिहा. दोन्ही डिस्कवरचा हिशेब वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर घ्या. नावात 'जुनी', 'नवी' आणि तारीख लिहा. एकावर एक कॉपी मात्र अजिबात करू नका, नाहीतर एकीकडच्या नोंदी कायमच्या जातील. मग संगणक बंद करून, प्लग काढून, जाणकाराकडून जुनी डिस्क सुटी करून घ्या. एकटी नवी डिस्क ठेवून घोळ थांबला तर चोर सापडला म्हणून समजा! सेल बदला, सुरू होण्याचा क्रम नीट लावून घ्या. शेवटी दोन्हीकडच्या रोजच्या नोंदी छापून पावतीपुस्तकाशी आणि पासबुकाशी ताडून पाहा, राहिलेल्या भरा. आम्हाला दोन दुपारी लागल्या, पण रुपया न् रुपया जुळला.

आपण सोयाबीनचं घरचं बियाणं राखतो, ते खूण करून वेगळ्या पोत्यात, वेगळ्या कोपऱ्यात. विकायच्या ढिगात ते कुणी मिसळत नाही. बॅकअपचंही तसंच करा. डिस्कवर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा, प्रत घेण्यापुरतीच जोडा आणि लगेच काढा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या होत्या. कपाटातल्या डिस्कपर्यंत असा व्हायरस पोहोचूच शकत नाही. जाणकार सांगतात, महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडूनही बघा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

पुढच्या बैठकीत त्या पोरीने सगळ्यांसमोर जुळलेला हिशेब वाचून दाखवला, आणि कुजबुजणाऱ्या बायांनीच तिला काम सोडू दिलं नाही. सख्यांनो, तुमच्या गटात, पतसंस्थेत, दुकानात असं काही झालं, तर पावतीपुस्तक जपून ठेवा आणि आधी यंत्राची झाडाझडती घ्या. हिशेबातली तूट दोन दुपारी बसून भरता येते. एखाद्या बाईच्या नावावर पडलेला डाग इतक्या सहज निघत नाही.