हळू शिकणाऱ्या मुलाची भाषा कोणती?

निपाणीजवळच्या एका खेड्यातून एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या वर्गात आले, ती सकाळ मला अद्याप आठवते. मुलाला डाउन सिंड्रोम होता. आई घरी विड्या वळीत असे. गृहस्थ संकोचाने म्हणाले, "बाई, घरात मराठी बोलायचं आम्ही सोडलंय बघा. एका जाणकारांनी सांगितलं, पोराचं डोकं आधीच मंद, त्याच्यावर दोन भाषांचं ओझं नको. शाळेत कन्नड, तर घरीबी कन्नडच बोला."

त्या घरात धड कन्नड कोणालाच येत नव्हते. आईवडील बाजारापुरते चार शब्द बोलत. आजीने तर चूक होईल या भीतीने नातवाशी बोलणेच टाकले होते. वर्षभरात मुलगा पूर्वी बोलत असलेले शब्दही विसरू लागला होता.

आमच्या सीमाभागातील कित्येक घरांत असा सल्ला आजही शिरोधार्य मानला जातो, म्हणून हे विस्ताराने लिहीत आहे. सल्ला सद्भावनेने दिलेला असतो. परंतु तो निराधार आहे. कॅनडामध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा कानांवर पडणारी मुले एकभाषी मुलांच्या तुलनेत इंग्रजीत मागे पडलेली त्यात आढळली नाहीत. अभ्यास लहान होता, तथापि नंतरच्या पाहण्यांनीही भीतीला पुष्टी दिली नाही. वस्तुतः मुलाचे नुकसान होते ते दोन भाषांमुळे नव्हे, तर घरातले बोलणेच आटल्यामुळे. जी भाषा आईला रागावता, लाडावता आणि गोष्ट सांगता येते, तीच तिने मुलाशी बोलावी.

पहिली गोष्ट आम्ही केली ती भाषेची नव्हे, कानांची. अशा मुलांच्या कानांत पडद्यामागे पाणी साठून ऐकणे मंदावते, हे पुष्कळदा ध्यानातच येत नाही आणि सारा दोष बुद्धीवर जातो. या मुलाच्या बाबतीत तसेच निघाले. उपचार झाले, आणि मगच शिकविण्याला अर्थ आला.

या मुलांची ऐकलेले ध्यानात ठेवण्याची शक्ती तोकडी असते. पाहिलेले मात्र बरेच टिकते. म्हणून सूचना तीन-चार शब्दांचीच द्यावी आणि सोबत वस्तू किंवा चित्र दाखवावे. दिवसाचा क्रम आम्ही चित्रांच्या पट्टीवर लावला: दात, अंघोळ, भाकरी, दप्तर. एक काम झाले की ते चित्र मुलानेच उलटे करायचे. महिन्याभरात सकाळची रडारड निम्म्यावर आली, असे आईच सांगू लागली.

शर्टाचे बटण लावणे हा त्या घरातला मोठा प्रश्न होता. आपण सहसा पहिल्या पायरीपासून शिकवितो. मूल तिथेच अडते आणि रुसते. आम्ही उलट दिशेने गेलो. आईने बटण काजातून अर्धे बाहेर काढून ठेवायचे, मुलाने फक्त ओढायचे. काम त्याच्या हातून पुरे झाले, शाबासकीही त्यालाच. आठवडाभराने आईने थोडे कमी करायचे, आणि असे मागे मागे सरकत जायचे. पाच महिने लागले. चपलेचा पट्टा, जेवणाचे ताट धुणे, अंथरूण घालणे ही कामेही अशीच शिकविता येतात.

मोजणी शिकविण्यासाठी वडिलांनी सुचविले, विड्यांच्या जुड्या मोजू द्या, घरात त्याच तर आहेत. मी ठाम नकार दिला. तंबाखूची धूळ जिथे उडते तिथे मूल बसवू नये. विड्या वळणाऱ्या आयांनाही हे सांगावे लागते, आणि सांगताना संकोच वाटतो, कारण त्या घराची चूल त्याच कामावर पेटते. आजीकडे चिंचोके होते. पाच चिंचोके, पाच वाट्या, आणि आजीचे मराठी. तिचा अबोला सुटला तो या खेळात. "एक दे. आता दोन दे." वर्गातील शिक्षिकेपेक्षा ती अधिक धीराची निघाली, हे कबूल करते.

मग कन्नडचे काय? ती शिकवू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या राज्यात राहायचे तेथील पाट्या ओळखता आल्या नाहीत, तर मुलगा एकटा कुठेच जाऊ शकणार नाही. पण ती अक्षरओळखीच्या वाटेने न नेता चित्राप्रमाणे नेली. बसवरील गावाचे नाव, शौचालयाची पाटी, 'धोका' हा शब्द. प्रत्येकाचे कार्ड केले आणि मग ती पाटी प्रत्यक्ष जागी नेऊन दाखविली. अशी दहा-बारा कार्डे पुरतात.

जाता जाता एक गंमत. अंध मुलांच्या वर्गात हा वाद कधी उद्भवतच नाही. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच व्यवस्था ठरली. मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' दोन्ही पहिल्या व तिसऱ्या ठिपक्यांनीच उठतात. अक्षरांवरून आपल्याकडे एवढे रामायण घडले, ते बोटांना ठाऊकच नाही.

पालकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यानुसार किमान 40 टक्के अक्षमता असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि युनिक डिसेबिलिटी ओळखपत्र देशभर ग्राह्य आहे. उपचारासाठी कोल्हापूर किंवा मिरजेला जावे लागले, तरी ते सोबत असू द्यावे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे 350-अ हे कलम सांगते. विशेष वर्गातील शिक्षिकेला मात्र मराठी येईलच याची हमी नसते. तेव्हा मुलाच्या तोंडी असलेल्या वीस-तीस मराठी शब्दांची यादी, अर्थासह, पालकांनीच लिहून तिच्या हाती द्यावी.

तो मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. वाचता येत नाही, वाक्येही तुटक बोलतो. पण बसथांब्यावर उभा राहून, गाडी वळणावर दिसताच आजीचा पदर ओढतो आणि म्हणतो, "आजी, आपली."