साडेबाराची भरती

वादळ बर्फाचं, पण सिच्युएटच्या रस्त्यावर गोटे पडले होते. बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या या किनारी गावाची चित्रं पाहिली आणि ४ जानेवारी २०१८ चं वादळ सरल्यावर मी तिथे गेले. लाटांनी बांधावरून भिरकावलेले नारळाएवढे गोटे, आणि त्यांच्यामध्ये गोठून बसलेलं समुद्राचं पाणी.

गावाचे एक लोडरचालक ते खरवडत होते. डिझेलचा धूर आणि उपटून आलेल्या शेवाळाचा कुबट, खारट वास.

"बर्फाचं काही नाही," ते म्हणाले. "बर्फ ढकलता येतो. आम्ही साडेबाराकडे डोळे लावून होतो."

साडेबारा म्हणजे दुपारची भरती.

बातम्यांत मात्र वेगळा आकडा होता: २४ तासांत २४ मिलिबार. केंद्रातला दाब साधारण इतक्या वेगाने उतरला की वादळाला 'बाँब' म्हणायचं, असं फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये मांडलं. या वादळात तो सुमारे ५९ मिलिबारने उतरला. कोकणावर येणारी चक्रीवादळं उबदार समुद्रावर पोसतात. ही हिवाळी वादळं पोसतात तापमानाच्या तफावतीवर. जमिनीवरून येणारी गोठवणारी हवा, शेजारीच गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी. वरचा जेट प्रवाह हवा ओढून नेतो, खालून ती तितक्या वेगाने भरून येत नाही. बाष्पाचे ढग होताना सुटणारी उष्णता हवेला आणखी वर रेटते. दाब कोसळतो.

दर मिलिबारला समुद्र सेंटिमीटरभर फुगतो. वारा त्याला किनाऱ्यावर लोटतो ते वेगळंच. त्यात पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. बॉस्टनला पाणी ४.६ मीटरवर गेलं, १९७८ च्या हिमवादळाचा विक्रम मोडला, आणि अ‍ॅक्वेरियम भुयारी स्थानकाचे जिने उतरून आत शिरलं.

चालक खाली उतरले आणि पहारीने गटाराच्या जाळीवरचा बर्फ फोडू लागले. "पाण्याची परतीची वाट आधी. ही बुजली की पुढचं पाणी घरात."

दाबाचे आकडे मला मोलाचे वाटतात. त्यांच्याच जोरावर इशारा काही दिवस आधी मिळतो. पण किनाऱ्यावरच्या माणसाचा प्रश्न चालकांचाच आहे: वादळ किती वाजता पोहोचणार, आणि किती भरत्या थांबणार? जानेवारीचं वादळ झपाट्याने आलं, झपाट्याने गेलं. २ मार्चला आलेलं रेंगाळलं. बॉस्टनला पाणी जानेवारीपेक्षा खालीच राहिलं, पण लागोपाठच्या भरत्यांना ते चढत राहिलं आणि सिच्युएटचे किनाऱ्यालगतचे रस्ते पुन्हा पुन्हा बुडाले.