अस्वल पेरूचं, लेखक लंडनचा

परदेशावर बालपुस्तक लिहायचं म्हणजे आधी बॅग भरायला हवी, असा आपला समज. पण या प्रांतातली नावाजलेली मंडळी बघा: कोणी घरात अडकलेला, कोणी चक्क इस्पितळात आडवा.

मोगलीचंच घ्या. रुडयार्ड किपलिंग जन्माने मुंबईकर. १८६५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला, वडील तिथेच शिकवायचे. पण ‘जंगल बुक’ लिहायला घेतलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, १८९२च्या हिवाळ्यात, बर्फ खिडकीपर्यंत साचलेला असताना. मोगली ज्या सिवनीच्या जंगलात वाढला, तिथे किपलिंगने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, असं अभ्यासक सांगतात. तरी आज तिथल्या पेंचच्या जंगलात जाणारी पोरं वाघाइतकीच मोगलीचीही चौकशी करतात!

‘मॅडलिन’वाला लुडविग बेमेलमान्स निदान घराबाहेर तरी पडला. १९३८ साली फ्रान्सच्या एका बेटावर सायकल हाणत असताना त्याला मोटारीने उडवलं. (बेटावर तेवढी एकच मोटार होती, असं तो सांगे. नशीब म्हणतात ते हेच.) इस्पितळात पडल्या पडल्या बघणार काय, तर छत. छताला एक तडा होता आणि तो मध्येच सशासारखा दिसायचा. शेजारच्या खोलीतली छोकरी अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण ऐटीत दाखवायची. तडा, ससा, व्रण, सगळं १९३९च्या ‘मॅडलिन’मध्ये आलं. आयफेल टॉवरही आहे पुस्तकात, पण पोरांना विचारा, भाव खाऊन जातो तो व्रणच.

पॅडिंग्टन अस्वल मूळ आफ्रिकेतून येणार होतं. मायकेल बाँडच्या एजंटने हस्तलिखित वाचलं आणि सांगितलं, अहो, आफ्रिकेत अस्वलं नसतात. मग १९५८ साली ते पेरूहून आलं. तिथे मात्र चष्मेवाली अस्वलं खरोखरच आहेत.

एजंटवर भागलं ते ठीक. टिनटिनवाल्या हर्जेला मोठा मास्तर लागला. रशिया, काँगो, अमेरिका त्याने ब्रुसेल्समध्ये बसूनच रंगवली, आणि ते दिसतं. त्यातले काँगोतले लोक तर आज पाहवत नाहीत. १९३४ साली स्वारी चीनकडे निघणार म्हटल्यावर एका पाद्र्याने बजावलं, आधी चिनी माणसांशी बोल. गाठ पडली ब्रुसेल्समध्येच कला शिकणाऱ्या झांग चोंगरेनशी. त्यातून आलेल्या ‘ब्लू लोटस’मधल्या भिंतींवरची चिनी अक्षरं बेल्जियन पोरांना नक्षी वाटली असणार. प्रत्यक्षात तिथे जपानी मालावर बहिष्कार टाका, साम्राज्यवाद मुर्दाबाद, असं लिहिलंय! जपानी मुत्सद्द्यांनी तक्रार केली ती उगाच नव्हे. माझ्या मते टिनटिन पहिल्यांदा खऱ्या अर्थाने परदेशी गेला तो इथे.

पायपीट करणारेही होते. मिरोस्लाव्ह शाशेकला पॅरिसच्या सुट्टीत दिसलं, की आईबाप इमारती बघण्यात दंग आणि पोरांकडे कोणाचं लक्षच नाही. मग १९५९ला ‘धिस इज पॅरिस’, पाठोपाठ लंडन, रोम, न्यू यॉर्क, हाँगकाँग. एकूण १८ पुस्तकं. प्रागवर मात्र एकही नाही. शाशेक तिथलाच होता. १९४८च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर परागंदा झाला, तो कायमचाच.

आणि किपलिंग सोडला तर या सगळ्यांच्या आधी स्वीडनच्या सेल्मा लागरलॉफबाई. शिक्षकांच्या संघटनेने त्यांच्याकडे मागितलं होतं शाळेसाठी भूगोलाचं पुस्तक. बाईंनी नील्स नावाच्या व्रात्य कार्ट्याला अंगठ्याएवढं केलं, हंसाच्या पाठीवर बसवलं आणि देशभर उडवलं. पुस्तक दोन भागांत आलं, १९०६-०७ला. १९०९ला बाईंना नोबेल. साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९९१ साली स्वीडनने २० क्रोनरची नोट काढली: पुढच्या बाजूला बाई, मागे हंसावरचा नील्स. भूगोलाच्या पुस्तकातलं कार्टं थेट सरकारी तिजोरीत!