क्रोमियमचे दोन रंग आणि डीएनए

पोटॅशियम डायक्रोमेटच्या आम्लधर्मी द्रावणात सल्फर डायऑक्साइड सोडला की नारिंगी द्रावण हिरवे होते. विद्यार्थ्यांना रंग आवडतो, आपण फळ्यावर समीकरण लिहितो आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतो. षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन त्रिसंयुजी क्रोमियम तयार झाले, एवढेच त्यात घडलेले असते. असेच क्षपण जिवंत पेशीच्या आत घडले तर मात्र डीएनएला इजा होते.

आहारातून मायक्रोग्रॅमच्या प्रमाणात आपल्या पोटात जाणारे क्रोमियम त्रिसंयुजी असते. ते शरीराला आवश्यक आहे की नाही, हा वाद आहे. २०१४ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाला तसा खात्रीचा पुरावा आढळला नाही. त्याच्यापासून डीएनएला सहसा धोका नसतो. पाण्यात त्याच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट चिकटतात आणि हे गाठोडे पेशीपटलातून सहजी आत जात नाही.

षट्संयुजी क्रोमियमचे तसे नाही. शरीरातील जवळजवळ उदासीन माध्यमात ते मुख्यतः क्रोमेट आयनाच्या रूपात असते. मध्ये क्रोमियम आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन ही त्याची चतुष्फलकी रचना सल्फेटसारखीच असते. पेशीला सल्फेट हवे असते. ते आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची फसगत होते आणि क्रोमेटही आत शिरते.

आता गंमत पाहा. परीक्षानळीत शुद्ध डीएनए आणि क्रोमेट एकत्र ठेवले तर काहीच होत नाही. त्यात क जीवनसत्त्व घातले की डीएनएला इजा होऊ लागते! पेशीत क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन आणि सिस्टीन हे क्षपणक आधीच हजर असतात. क्रोमियमची संयुजा सहावरून पाच, चार अशी उतरत तीनवर येते. बाहेरून आत येऊ न शकणारे त्रिसंयुजी क्रोमियम आता आतच तयार झालेले असते. ते डीएनएच्या फॉस्फेटला आणि ग्वानिनला चिकटते. कधी क जीवनसत्त्वाचा रेणू, तर कधी एखादे प्रथिनही डीएनएशी बांधून टाकते. प्रतिकृती तयार होताना या गाठी आड येतात, धागे तुटतात, गुणसूत्रांचे तुकडे होतात. दुरुस्ती चुकली तर उत्परिवर्तन होते. क्रोमेटच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला होता. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले.

म्हणून क जीवनसत्त्वाला दोष द्यायचा का? मुळीच नाही. लाळेत आणि जठररसात हेच क्षपण झाले तर क्रोमियम पेशीबाहेरच अडकते, आणि ते आपल्या फायद्याचे असते. एकच अभिक्रिया, पण ती दाराच्या अलीकडे होते की पलीकडे यावर सारे अवलंबून आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत बहुधा क जीवनसत्त्व फारच कमी असते. त्यामुळे केवळ त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष बरीच वर्षे अपुरे राहिले, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

आपल्या कपाटातील नारिंगी बाटलीचे काय? अनुमापन करताना डायक्रोमेट पिपेटमध्ये तोंडाने ओढण्याची सवय आम्हाला अजिबात मान्य नाही. रबरी फुगा वापरावा. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. हातमोजे घालून ते आम्लधर्मी करावे आणि नारिंगी छटा पूर्ण जाईपर्यंत त्यात फेरस सल्फेट घालावे. मग चुन्याची निवळी घालून उदासीन केले की क्रोमियमचा हायड्रॉक्साइड लोहाच्या गाळाबरोबर खाली बसतो. तो गाळून, बाटलीवर चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा.